कन्व्हर्टर गेलाय की मागचा सेन्सर?

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०४२० दाखवतो (म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आणि कुणीतरी सांगतंच, "मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलून बघा, स्वस्तात सुटाल." सेन्सर बदलतात, कोड पुसतात, काही दिवस दिवा बंद राहतो आणि मग पुन्हा लागतो. मधल्या दिवसांचं श्रेय नव्या सेन्सरला जातं. खरं तर कोड पुसला की कन्व्हर्टरची तपासणी पुन्हा पूर्ण करायला गाडीच्या कॉम्प्युटरला वेळ लागतो, म्हणून दिवा तेवढे दिवस गप्प असतो. लोकांचे पैसे असे वाया जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून व्होल्टेजच्या रूपात कॉम्प्युटरला कळवतात: एक कन्व्हर्टरच्या पुढे, एक मागे. पुढच्याच्या सांगण्यावरून इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं. मागच्याचं मुख्य काम कन्व्हर्टरवर नजर ठेवणं. ॲव्हरेज एकदम घसरला असेल तर आधी पुढच्याकडे बघा.

घोळ होतो तो मागच्याच्या बाबतीत. कन्व्हर्टरच्या आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांच्या जोडीला सिरियम ऑक्साइडचा थर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त आला की हा थर तो साठवतो, कमी पडला की सोडतो. त्यामुळे पुढचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली होत असला, तरी मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. साठवण्याची ताकद संपली की पुढचे चढउतार तसेच मागे पोचतात आणि मागचा सेन्सरही नाचू लागतो. पी०४२० म्हणजे कॉम्प्युटरने हेच टिपलंय.

आता मागचा सेन्सर म्हातारा झाला तर काय होईल? तो मंद होतो, त्याची रेषा सपाट होत जाते. आणि सपाट रेषा ही तर निरोगी कन्व्हर्टरची खूण! म्हणजे थकलेला सेन्सर मेलेल्या कन्व्हर्टरला झाकतो, त्याच्यावर खोटा आळ सहसा घेत नाही. सेन्सर स्वतः बिघडला तर बहुधा त्याचे वेगळे कोड येतात: सर्किटसाठी पी०१३६, सेन्सरमधल्या हीटरसाठी पी०१४१.

म्हणून काहीही बदलण्याआधी इंजिन चांगलं तापवा, २५०० आरपीएमवर दोनेक मिनिटं धरा आणि स्कॅनरवर मागच्या सेन्सरचा ग्राफ बघा. तो नाचत असेल तर संशय कन्व्हर्टरवर. अनेक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मोजणारा, असतो. तो असा नाचत नाही, त्याच्याशी तुलना करू नका. अपवाद एक: सेन्सरजवळ एक्झॉस्ट लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि खोटा पी०४२० येऊ शकतो. गॅस्केट आणि सांधे आधी तपासा.

"पिकअप आहे ना, मग कन्व्हर्टर ठीक" हेही मला पटत नाही. पिकअप जातो तो कन्व्हर्टर चोंदल्यावर: वेग वाढवताना गाडी गुदमरते, चढावर दम सोडते. नुसता थर निकामी झाला तर गाडी चालवताना काहीच जाणवत नाही, फक्त दिवा लागतो. सडक्या अंड्याचा वास आला तर संशय घ्या, पण त्यामागे पेट्रोलमधलं गंधकही असू शकतं. खालून खडखड येत असेल तर आधी सैल हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) हलवून बघा. ती घट्ट असूनही आवाज आतून येत असेल तर जाळी फुटली आहे.

कन्व्हर्टर खरंच गेला असेल तरी नवा लगेच बसवू नका. तो क्वचितच आपणहून मरतो. मिसफायरमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटलं नाही की, न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो तेव्हा तो याचाच इशारा देत असतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवा. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस थरावर बसत जातं. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि ऑइलची पातळी यांचा निकाल लागेपर्यंत नवा कन्व्हर्टर डब्यातच राहू द्या.