शोषखड्डा बुजतो तो वरून

जुळे सोलापुरात पावसाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "दोन वर्षांपूर्वी गच्चीचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला पुनर्भरण खड्डा घेतला, आता पाणी वरच तुंबतंय. खालची जमीन पिऊन भरली." जमीन इतक्यात भरत नाही. बहुतेक वेळा बुजलेला असतो तो वाळूचा वरचा इंच-दोन इंच थर.

गाळातून पाणी वाळूच्या हजारपट हळू जातं असं धरू; चिकणमातीतून त्याहूनही हळू. थर एकाखाली एक असले की अडथळ्यांची बेरीज होते. म्हणजे १ सेंटीमीटर गाळ पाण्याला १० मीटर वाळूइतका अडवतो! खाली वाळू दोन फूट भरली काय नि चार फूट भरली काय, सारखंच.

हा गाळाचा थर धरतो कसा, ते फार पाहण्यासारखं आहे. पहिल्या पावसात गच्चीवरचा उन्हाळाभराचा फुफाटा वाहून येतो. वाळूतल्या फटीपेक्षा मोठा कण वरच थांबतो. फटीच्या साधारण एक तृतीयांश आकाराचे कण दोन-तीन मिळून तिच्या तोंडाशी कमान धरतात. मग फट अरुंद होते, त्याहून बारीक कण अडतात, आणि शेवटी एरवी आरपार गेले असते ते ०.००२ मिलिमीटरहून बारीक मातीचे कणही.

आपल्या काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज तर पातळ पापुद्र्यांचं, पाणी पिऊन फुगणारं. कॅल्शियम असलं की हे पापुद्रे गुठळी धरून राहतात, सोडियम चिकटलं की पावसाच्या गोड्या पाण्यात सुटे होऊन फटी लिंपतात. म्हणून बोअरच्या जड पाण्यासाठी बसवलेल्या सॉफ्टनरचं मिठाचं धुवण या खड्ड्यात कधीही सोडू नका.

तळहातावर नारळ धरून खड्ड्याची जागा दाखवणाऱ्यांना पैसे देऊ नका. काळी माती संपून मुरूम कुठे लागतो, ते चाचणीखड्डा सांगतो. तळ मुरमात गेलाच पाहिजे. जेसीबीच्या बकेटने भिंती घासून गुळगुळीत होतात, त्या टिकावाने खरवडून घ्या.

१०० चौरस मीटर गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर पाणी. त्यातलं पहिलं २०० लिटर बाहेर सोडा, उरलेलं आधी गाळटाकीत घ्या. खड्ड्यात तळाला दगड, वर खडी, त्यावर जाड धुतलेली वाळू. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) असेल तर काचेच्या बाटलीत पाण्यासोबत हलवून ठेवा. वर भुकटीचा ठळक थर बसला तर पुन्हा धुवा. जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणारं कृत्रिम धाग्यांचं कापड, खडीखाली पुरलं की तेच बुजतं आणि काढायला सगळा खड्डा उपसावा लागतो. ते वाळूच्या वरच्या पातळीपासून १० सेंटीमीटर खालीच घाला.

दरवर्षी मे महिन्यात, वाळू कोरडी असताना, वरची ५ सेंटीमीटर खरवडून नवी घाला. मग खड्डा भरून पाहा. पाणी ४८ तासांत उतरलं नाही, तर कापड काढून धुवा. तरीही उतरलं नाही, तर तळ बहुधा मुरमापर्यंत पोचलेला नाही.