लय (कलाविचार)

लय : चित्र, शिल्प, वास्तू आणि साहित्य या कलांच्या चर्चेतील एक संज्ञा. कलाकृतीतल्या घटकांच्या परस्परसंबंधांतून उभी राहणारी एकसंध रचना, हा तिचा मराठी सौंदर्यशास्त्रातला अर्थ. गायनातील विलंबित-द्रुत लयीशी त्याची गल्लत होऊ नये. बा. सी. मर्ढेकरांनी (१९०९–१९५६) हा अर्थ रुजवला. त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मर्ढेकरांच्या मते लय तीन प्रकारांनी साधते : संवाद (म्हणजे सारख्या घटकांचा मेळ), विरोध आणि समतोल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे संकल्पचित्र ज्यांनी रंगवले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. मुंबईत ओव्हल मैदानावर उभे राहिले की तिन्ही एकदम दिसतात (उदाहरण मर्ढेकरांचे नव्हे). पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय : टोकदार कमानी, वर चढणाऱ्या रेषा. पश्चिमेला मुख्यतः १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती : गोलसर कोपरे, आडवे छज्जे. प्रत्येक रांगेत आपापसांत संवाद, दोन रांगांमध्ये विरोध आणि मधल्या मोकळ्या मैदानाने सांभाळलेला तोल. २०१८ साली जागतिक वारसा यादीत दोन्ही शैली एकत्रच गेल्या, ते योग्यच झाले.

साहित्यात प्रश्न अवघड होतो, कारण तिथे डोळ्यांना दिसणारी रेषा नाही. शब्दांचे भावनात्मक अर्थ हेच साहित्याचे माध्यम, असे मर्ढेकर मानतात; त्या अर्थांच्या जुळणीला ते ‘भावनानिष्ठ समतानता’ म्हणतात. म्हणजे लय आणि छंद एक नव्हेत. मर्ढेकरांच्याच दोन कविता शेजारी ठेवाव्यात. मुंबई बंदरावरच्या माघातल्या पहाटेची ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’ आणि ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. दोन्हींच्या ओळी सोळा मात्रांच्या, चाल जवळजवळ एकच. पहिलीत न्हालेली गर्भवती आणि उजळते बंदर एकाच सोज्वळ भावनेने बांधले जातात. तिथे संवाद आहे. दुसरीत तीच ओळखीची, गुणगुणावी अशी चाल मेलेल्या उंदरांवर येऊन आदळते. तो विरोध मात्रा मोजून सापडत नाही.

या विचारावर सर्वांत कसून टीका केली ती मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या रा. भा. पाटणकरांनी, ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात. कला स्वायत्त मानणारा अलौकिकतावाद आणि तिला जीवनाशी जोडणारा लौकिकतावाद अशा दोन ध्रुवांची मांडणी त्यांनी केली. मर्ढेकरांची लय पहिल्या ध्रुवाकडची. अमूर्त चित्राला ती नेमकी लागू पडते. कादंबरीला लावताना मात्र ओढाताण होते, कारण माणसांचे बरेवाईट वागणे नुसत्या घटकसंबंधांत मावत नाही. साहित्यसमीक्षेत आज अशा रचनेसाठी ‘घाट’ आणि ‘आकृतिबंध’ हे शब्द अधिक चालतात. चित्रांविषयी बोलताना मात्र लयीवाचून अजूनही चालत नाही.