बाळ नजर काढून घेतं, तेव्हा ते काय शिकलेलं असतं?

हलक्या झोपेतल्या नवजात बाळापासून फूटभर अंतरावर खुळखुळा एक सेकंद वाजवला की ते दचकतं. हातपाय झटकतं, पापण्या घट्ट आवळतं, श्वास भराभर होतो. ते पुन्हा शांत झालं की पाच सेकंद थांबायचं आणि तोच खुळखुळा तितक्याच जोरात वाजवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दचकणं कमी होतं. आणखी काही वेळा वाजवल्यावर फक्त पापणी हलते आणि मग तीही हलत नाही. बाळाचे कान थकले का? नाही. आता घंटी वाजवली की ते पुन्हा दचकतं. हा आवाज नवा आहे, आधीचा ओळखीचा होता आणि त्यात धोका काही नव्हता, हे त्याने झोपेतही नोंदवलेलं असतं.

टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९७३ मध्ये नवजात बाळाच्या तपासणीची जी पद्धत मांडली, तिच्यात ही चाचणी आहे. तोच आवाज जास्तीत जास्त दहा वेळा देतात. या क्षमतेला सरावणं म्हणू. बुद्धीची अगदी पहिली खूण कोणती, असं विचारलं तर आमचं बोट याच सरावण्याकडे जातं. जे कळलं ते सोडून द्यायचं आणि नव्याकडे वळायचं, या क्रियेत स्मरण, तुलना आणि निवड तिन्ही आलं.

डोळ्यांचंही असंच. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६३ मध्ये पाच दिवसांहून लहान बाळांना निजवून त्यांच्या वर एकेक चकती धरली: काहींवर चेहरा, वर्तुळं किंवा छापील मजकूर, तर काही नुसत्या रंगीत. बाळाच्या बुबुळावर चकतीचं प्रतिबिंब दिसतं. ते डोळ्याच्या मधल्या काळ्या बाहुलीवर पडलेलं असेल तेवढा वेळ बाळ चकतीकडे बघतंय, असं मोजायचं. कोऱ्या रंगीत चकत्यांपेक्षा नक्षीच्या चकत्यांकडे बाळांनी जास्त वेळ पाहिलं आणि चेहऱ्याकडे सर्वांत जास्त. तोवर नवजात बाळाला फक्त उजेड-अंधार कळतो, असं डॉक्टरही सर्रास मानत. पुढे १९७५ मध्ये जेमतेम नऊ-दहा मिनिटांच्या बाळांवर प्रयोग झाला. विस्कटलेल्या नाकडोळ्यांच्या चित्रापेक्षा नीट चेहऱ्याचं चित्र सरकवलं, तर बाळं डोळे आणि मान जास्त लांबवर फिरवत होती.

आवाजाची ओळख त्याहून जुनी, पोटातली. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी १९८० मध्ये तीन दिवसांच्या आतल्या दहा बाळांच्या तोंडात दूध नसलेली चोखणी दिली. बाळ सलग चोखतं, थांबतं, पुन्हा चोखतं. मधली विश्रांती लांबवली (काही बाळांच्या बाबतीत आखडली) की कानावर आईचा आवाज येईल, उलट केलं तर परक्या बाईचा, अशी जोडणी केली होती. दहापैकी आठ बाळांनी आपली लय आईच्या आवाजाकडे वळवली. आवाज ओळखणं आणि तो मिळवण्यासाठी स्वतःचं वागणं बदलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन दिवसांच्या आत बाळाला दोन्ही जमतात.

संख्येचीही ढोबळ जाण असते. २००९ मधल्या एका प्रयोगात नवजात बाळांना चार-चार किंवा बारा-बारा अक्षरांची माळ काही वेळ ऐकवली आणि नंतर चार किंवा बारा आकृत्यांचं चित्र दाखवलं. कानावर पडलेल्या संख्येशी जुळणाऱ्या चित्राकडे बाळं जास्त वेळ बघत राहिली. चार आणि आठ अशी जवळची जोडी घेतली की हा फरक पुसट होतो.

मात्र बुद्धीची खूण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी खुणा नसतात. तळहातावर बोट ठेवताच घट्ट मूठ वळणं, गालाला स्पर्श होताच तोंड तिकडे नेणं, उभं धरल्यावर पावलं टाकणं या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. त्या मज्जासंस्था ठीक असल्याचं सांगतात, बुद्धीबद्दल काही नाही. मोठं डोकं किंवा लवकर धरलेली मान यांवरूनही हुशारी ठरत नाही. झोपेत दिसणारं हसू कोणाला उद्देशून नसतं. समोरच्याकडे बघून हसणं सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास येतं. आपण जीभ बाहेर काढली की बाळही काढतं, हा दावा १९७७ पासून गाजला, पण २०१६ मध्ये शंभरावर बाळांना पहिल्या नऊ आठवड्यांत चार वेळा तपासलं, तेव्हा अनुकरणाचा पुरावा मिळाला नाही. बाळ जीभ काढतं ते उत्तेजित झाल्यावर, मग समोर काहीही असो, असं काही संशोधक मानतात.

घरी हे बघायचं तर वेळ साधावी लागते. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं आणि उरलेल्यातला बराच वेळ दूध पिण्यात नि रडण्यात जातो. डोळे टक्क उघडे, अंग सैल, श्वास संथ, अशी शांत जागेपणाची अवस्था बऱ्याचदा दूध पिऊन झाल्यावर येते आणि थोडाच वेळ टिकते. उजेड मंद ठेवा. मानेला आधार देऊन बाळाला किंचित उभट धरा आणि आपला चेहरा वीस ते तीस सेंटीमीटरवर आणा. त्याला त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं ते तेवढ्याच अंतरावरचं. नजर जुळली की चेहरा हळूहळू एका बाजूला न्या. इथे हमखास घाई होते. बाळाला प्रतिसाद द्यायला कित्येक सेकंद लागतात, आणि ते डोळे हलवायच्या आत आपण चेहरा पुढे नेतो किंवा टाळ्या वाजवतो. एका वेळी एकच गोष्ट करा, नुसता चेहरा किंवा नुसता आवाज. बाळाने तोंड फिरवलं, जांभई दिली, बोटं ताणून पसरली, उचकी किंवा शिंक आली, तर त्याला आता पुरे झालं आहे. तिथेच थांबावं. तोंड फिरवणं हीसुद्धा त्याची समजच आहे.

यावरून पुढचा बुद्ध्यांक सांगता येतो का? पहिल्या वर्षातली सरावण्याची आणि नवं ओळखण्याची चाचणी आणि बालपणीचा बुद्ध्यांक यांतला सहसंबंध साधारण ०.३५ ते ०.४५ भरतो (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). मोठ्या गटाविषयी बोलायला तो पुरतो; एका बाळाचं भवितव्य सांगायला मुळीच नाही. तेच बाळ सकाळी आणि संध्याकाळी वेगळं वागतं. म्हणून दोन बाळांची तुलना करू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावं, नाहीतर ते उगाच मागे वाटतं.

बुद्धी जपायची असेल तर खुणा शोधण्यापेक्षा काही तपासण्या वेळेवर होणं कितीतरी मोलाचं. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून थायरॉइडची जन्मजात कमतरता कळते. उपचार न झाल्यास तिने मेंदूची वाढ खुंटते, पण पहिल्या दोन आठवड्यांत गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेक बाळं नीट वाढतात. श्रवणचाचणी महिन्याच्या आत व्हावी, दोष आढळल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली, तळपायापर्यंत पसरली, किंवा बाळ पेंगत राहून दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं आणि ती हानी भरून येत नाही. फोटोत बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकली किंवा मोठ्या आवाजालाही ते कधीच दचकत नसेल, तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट बघू नये.