पार्श्वभूमी : स्वस्त गिटार, लॉरेलची पट्टी आणि आपला ऐन

"पट्टी लॉरेलची असेल तर घेऊ नको, रोझवुडचीच बघ." दहा हजारांच्या आतली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या पोरांना हा सल्ला आज पूर्व विदर्भात वडसा, ब्रह्मपुरी, कुरखेडा, साकोली, कुठेही मिळतो. देणारा कधी ऑर्केस्ट्रातला जुना वादक असतो, कधी शहरातला दुकानदार. पट्टी म्हणजे गिटारच्या दांड्यावर, म्हणजे नेकवर, बसवलेली लाकडाची फळी. तिच्यावर तारा बोटांनी दाबायच्या. तिच्यात ठोकलेल्या धातूच्या आडव्या काड्या म्हणजे फ्रेट. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात, झाडीपट्टीच्या नाटकांच्या तारखा लागतात, आणि एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम येतात. खरेदी त्याआधी उरकायची असते. घाईत पोरगा पट्टीचा रंग बघतो, लेबल वाचतो आणि ठरवून टाकतो. हा निकष फार जुना नाही. २०१७ च्या आधी तो कुणाच्या तोंडी नव्हता.

इलेक्ट्रिक गिटार स्वस्तात बनावी, ही सोय तिच्या बांधणीत पहिल्यापासूनच होती. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारीचा घाट ठरला, तेव्हा अंग सपाट फळीचं आणि नेक चार स्क्रूंनी आवळलेली. बिघडली तर नेक काढा, दुसरी लावा. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर त्याच वाटेने आली, आणि आज आपल्याकडे पार्सलने येणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी बहुतेकींचा आकार तिचाच असतो. साठच्या दशकात स्वस्त गिटार म्हणजे जपानी. १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये स्वस्त ब्रँड काढला. १९८५ नंतर येन महागला आणि काम कोरियाकडे सरकलं, मग इंडोनेशिया आणि चीनकडे. प्रत्येक वेळी वादकांचं म्हणणं एकच होतं : आधीच्या देशातली चांगली, आत्ताची कचरा. १९८२ च्या त्या स्वस्त जपानी गिटारी आज संग्राहक चढ्या भावाने घेतात.

आपल्याकडे त्या काळात कोलकात्याची गिटार येई. हावड्याच्या गाड्या गोंदियावरूनच जातात, त्यामुळे माल पूर्व विदर्भात पोचायला अडचण नव्हती. मी दुरुस्तीला बसलो तेव्हा ऑर्केस्ट्रावाल्यांकडे याच गिटारी होत्या. नेक मुठीत न मावणारी, तारा बाराव्या फ्रेटवर चार-चार मिलिमीटर वर, आणि नेकचा बाक काढणारा आतला रॉड फिरवला तरी नेक हलायची नाही. त्या काळी दर्जा तपासायचा म्हणजे एवढंच बघायचं, की पाचव्या फ्रेटच्या पुढे सूर लागतो की नाही. बहुतेकींचा लागत नसे. वादकही मग पहिल्या चार फ्रेटांतच वाजवून वेळ भागवत.

१ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि पुढच्या दहा वर्षांत चिनी आणि इंडोनेशियन गिटारी तालुक्याच्या गावापर्यंत आल्या. काहींवर भारतीय ब्रँडचं नाव, काहींवर नावच नाही. यांचं अंग आणि नेक संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेलं असतं. फ्रेटची खाच कुठे पडावी याचा हिशेब यंत्र चुकत नाही, त्यामुळे सूर जागच्या जागी लागतो. जुन्या गिटारींचा सगळ्यात मोठा रोग एका पिढीत गेला, ही मोठीच गोष्ट झाली. वाजवायला शिकणाऱ्या खेड्यातल्या पोराला पहिल्यांदा असं वाद्य मिळालं, ज्यात त्याची बोटं बरोबर असतील तर आवाजही बरोबर येतो.

यंत्राने जे केलं नाही ते मात्र तसंच राहिलं. फ्रेट ठोकल्यावर त्यांची टोकं घासणं, माथा एका पातळीत आणणं, नेकच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे खोल करणं, ही हाताची कामं आहेत. हात म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे पैसा. स्वस्त गिटारीत पैसा इथेच वाचवला जातो, मग पट्टी कसल्याही लाकडाची असो.

आता त्या लाकडाकडे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बैठकीत ठरलं, की रोझवुड ज्यात येतं त्या डालबर्जिया वंशातल्या सगळ्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणायचा. ब्राझीलचं रोझवुड १९९२ पासूनच कडक बंदीत होतं. आता सगळं कुटुंबच यादीत आलं. २ जानेवारी २०१७ पासून अंमल सुरू झाला. कारण गिटार नव्हतं. चीनमधल्या उंची लाल फर्निचरसाठी आग्नेय आशियातल्या जंगलांतून चोरटी तोड चालली होती, आणि एक जात वाचवावी तर दुसऱ्या जातीच्या नावाने ओंडके निघत. कापलेल्या लाकडावरून सीमेवरच्या कर्मचाऱ्याला जात ओळखता येत नाही, म्हणून सरसकट सगळा वंशच घेतला. हेतू बरोबर होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण या सरसकट जाळ्यात आपला शिसवही आला. गिटारवाले ज्याला इंडियन रोझवुड म्हणतात तो हाच. इथे आपल्याच भाषेत एक गुंता आहे. शिसव वेगळा आणि शिसम वेगळा. शिसव म्हणजे काळपट जांभळ्या छटेचं जड लाकूड, जुन्या वाड्यांतल्या पलंगांचं आणि खांबांचं. शिसम, म्हणजे शिशू, उत्तरेकडचा. भुऱ्या रंगाचा, भराभर वाढणारा, रस्त्याकडेला आणि शेताच्या बांधावर लावला जाणारा. दोन्ही डालबर्जियाच, म्हणून दोन्ही यादीत. फर्निचरच्या दुकानात दोघांना एकच नाव लावून विकतात आणि गिटारच्या जाहिरातींत दोन्हींचं रोझवुड होतं. शिशू तरी यादीतून काढा, त्याची कमतरता नाही, असा प्रस्ताव भारताने आणि शेजारी देशांनी २०१९ मध्ये मांडला. तो फेटाळला गेला.

वादकांमध्ये गैरसमज याहून मोठा झाला. रोझवुडवर बंदी आली, ही बातमी पसरली, बंदी नव्हती. स्वतःची गिटार घेऊन विमानात बसणाऱ्याला तेव्हाही सूट होती, कारण खाजगी वापरासाठी १० किलोपर्यंत परवाना लागत नव्हता. पण विकण्यासाठी जाणाऱ्या प्रत्येक खेपेला कागद हवे होते. एक लाखाच्या गिटारीला तो खर्च झेपतो, आठ हजारांच्या गिटारीला झेपत नाही. म्हणून २०१७-१८ मध्ये मधल्या किमतीच्या गिटारी पाऊ फेरो या दक्षिण अमेरिकन लाकडाकडे वळल्या आणि सगळ्यात स्वस्त गिटारींच्या पट्टीवर एक नवं नाव आलं : इंडियन लॉरेल. ऑगस्ट २०१९ च्या जिनिव्हाच्या बैठकीत तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना सूट मिळाली, ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाली. तोवर कारखान्यांचे साचे आणि पुरवठादार ठरून गेले होते. महागड्या गिटारींवर रोझवुड परतलं, स्वस्त गिटारींवर बहुतेक ठिकाणी लॉरेल राहिलं. त्यामुळे "लॉरेल म्हणजे हलक्या दर्जाचं" ही समजूत आपोआप पक्की झाली. लाकूड हलकं ठरलं, कारण ते हलक्या किमतीच्या वाद्यावर दिसलं.

हे इंडियन लॉरेल कोणतं झाड आहे, ते मला फार उशिरा समजलं. शास्त्रीय नाव टर्मिनालिया इलिप्टिका. आपण त्याला ऐन म्हणतो, काही गावांत येन, काही गावांत साज किंवा साजड. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं हे झाड पूर्व विदर्भाच्या जंगलात पावलोपावली आहे. आरमोरीकडे कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे याच्याच पाल्यावर वाढवतात. गोंड समाजात साज हे बडादेवाचं झाड. घराचे खांब आणि मयाली, बैलगाडीचे भाग याचे होत आले. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यात विनापरवानगी तोडू नये अशा झाडांच्या यादीत सागाबरोबर ऐनही आहे. ज्या पोराच्या घराचा खांब ऐनाचा आहे आणि तीन पिढ्या उभा आहे, तोच पोरगा दुकानात "हे लॉरेल आहे ना, टिकणार नाही" असं ऐकून परततो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. लेबलवर 'ऐन' असं लिहिलेलं असतं तर त्याने आपल्या बापाला विचारलं असतं, आणि बापाने योग्य ते सांगितलं असतं.

बाप काय म्हणाला असता, तेही सांगतो, कारण खरी मेख त्यातच आहे. गावातला कोणताही सुतार सांगेल, की ऐन मजबूत आहे, जड आहे, पण वाळवताना घाई केली तर तडकतो. जडपणात तो शिसवाच्या आसपासच बसतो. शिसव वाळताना तुलनेने सोशिक. ऐन सावकाश वाळवावा लागतो. म्हणजे पट्टी ऐनाची आहे का शिसवाची, यापेक्षा ती पुरती वाळवून लावली का, हे विचारायला हवं. ते लेबलवर लिहीत नाहीत.

आपल्या भागात ते मे महिन्यात कळतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. मग जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड लांबीत फारसं आकसत नाही, रुंदीत आकसतं. पट्टी रुंदीने कमी होते, फ्रेटची धातूची काडी तेवढीच राहते, आणि तिची टोकं कडेने बाहेर डोकावतात. नेकच्या कडेवरून तळवा सरकवला तर करवतीचे दात लागतात. इंडोनेशियाच्या दमट हवेतून आलेली, नीट न वाळवलेली गिटार इथे पहिल्याच उन्हाळ्यात हे करते. त्यात कूलर. खोलीत कूलर चालू असेपर्यंत हवा ओली, वीज गेली की तासाभरात कोरडी. कूलरच्या झोतासमोर टांगलेली गिटार दिवसातून चार वेळा ऋतू बदलते. उन्हाळ्यात "नेक वाकली" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गिटारींत अशा बऱ्याच असतात.

म्हणून दुकानात लाकडाचं नाव विचारण्याआधी मी वातीचा कापूस घेऊन जायला सांगतो. नेकच्या दोन्ही कडांवरून तो हलकेच ओढायचा. जिथे तंतू अडकून राहतात तिथे फ्रेटचं टोक घासलेलं नाही. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकाच वेळी दाबून मधली फट बघायची. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी असेल तर चालेल, आगपेटीच्या काडीएवढी असेल तर रॉड फिरतो का ते दुकानदारासमोरच फिरवून बघायचं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. त्याच फ्रेटवर हलका स्पर्श करून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर ट्यूनरच्या ॲपवर एकच दिसला पाहिजे. थोडा फरक ब्रिजवर, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, दुरुस्त होतो. शेवटी प्रत्येक तार अर्धा सूर वर ओढून परत आणायची. अडखळत, टिक् आवाज करत येत असेल तर नटची खाच अरुंद आहे. दोष बहुतेक वेळा तिथे असतो आणि शिव्या तारा ताणणाऱ्या चाव्यांना पडतात.

दुकानांत 'सेमी-इलेक्ट्रिक' हा शब्दही सर्रास चालतो. तिथे त्याचा अर्थ पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या लहरीत बदलणारा भाग, बसवलेली पोकळ अकूस्टिक गिटार. त्यावरून इलेक्ट्रिकचा अंदाज बांधू नये, एवढंच.

आवाजाच्या घरघरीबद्दलही गावात गिटारच दोषी ठरते. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतो, हा त्याचा स्वभावच. लाखाच्या गिटारीतही तो असतो. पण मांडवात अर्थिंग नसतं, तीन पिनांपैकी अर्थिंगची जाड पिन कुणीतरी कापलेली असते, आणि वीज जनरेटरवरून किंवा शेजारच्या घरातून ओढलेली असते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर गिटारीतली जोडणी ठीक आहे. दोष मांडवात शोधायचा. अशा मांडवात माईकला ओठ लागल्यावर झटका बसलेला गायक मी पाहिला आहे. तिथे वायरमनला आधी बोलवा, गिटार नंतर बघू.

गेल्या मे महिन्यात दोन गिटारी एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर आल्या. एक २०१४ ची, शिसवाच्या पट्टीची, मालकाने जपून, पण टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगून ठेवलेली. दुसरी २०२० ची, ऐनाच्या पट्टीची, मातीच्या भिंतीच्या घरात कोनाड्यात पडलेली. पहिलीच्या फ्रेटची टोकं डोळ्यांनी दिसण्याइतकी बाहेर आली होती. दुसरीची फक्त कापसाला लागत होती. दोन्हींचं काम एकाच बारीक कानसीने झालं. पहिलीला दुपार लागली, दुसरीला अर्धा तास.