हळदीच्या नावाचा गोतावळा

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदा राजापुरी हळदीचा असो की सेलमचा, वनस्पती एकच, कुर्कुमा लाँगा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही हिच्याच नावावर. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र हळद हे नाव आणखी काही वनस्पतींना चिकटलेलं आहे, आणि नाव ऐकून पुडी घेणाऱ्याची तिथेच फसगत होते.

आंबेहळद ही भाऊबंदातली. खरी आंबेहळद म्हणजे कुर्कुमा अमाडा. गड्डा कापला की आत फिकट पिवळा, वास कैरीचा. लोणच्याला हीच हवी. पण मुका मार लागला, सूज आली की उगाळून लावायला ‘आंबेहळद’ म्हणून मिळते ती बरेचदा रानहळद, कुर्कुमा अरोमॅटिका. तिला कापराची झाक असते आणि लोणच्यात ती कडवट लागते. सुक्या चकत्या दिसायला सारख्या, म्हणून एक चकती कोमट पाण्यात भिजवून, मोडून हुंगावी. कैरी की कापूर, लगेच कळतं.

दारुहळदीचं या घराण्याशी रक्ताचं नातं नाही. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड. बर्बेरिस अरिस्टाटा हे हिमालयातलं काटेरी झुडूप; त्याच्या मुळाचं आणि खोडाचं लाकूड पिवळंधमक असतं. आयुर्वेदात ‘दोन हरिद्रा’ म्हटलं की हळद आणि ही दारुहरिद्रा. दक्षिणेत याच नावाखाली कॉसिनियम फेनेस्ट्रॅटम या वेलीचं खोड चालतं, तमिळमध्ये मरमंजळ, म्हणजे झाडाची हळद. दोन्हींत बर्बेरीन हे पिवळं, कडू द्रव्य आहे, म्हणून अदलाबदल खपून गेली. आपल्याकडच्या हेदूच्या झाडालाही हिंदीत हळदू म्हणतात, तेही पिवळ्या लाकडावरूनच. शास्त्रीय नाव हल्दिना त्यातूनच आलं.

पूड हातात असेल तर चुना लावून पाहावा. पांढऱ्या बशीत चिमूटभर पूड, त्यावर हरभऱ्याएवढा खायचा ओला चुना, बोटाने घोळायचं. हळदीतलं कुर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य चुन्यासारख्या क्षारात लालभडक होतं. दारुहळद पिवळीच राहते आणि जिभेला कडूजहर लागते. आंबेहळदीत कुर्क्युमिन कमी, त्यामुळे लाली फिकी येते; तिच्यासाठी वासच खरा.

लालीवरून कुंकू आलंच. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. अरबी कुर्कुमही मुळात केशराचंच नाव, पुढे ते हळदीवर सरकलं आणि तिथून लॅटिनमध्ये कुर्कुमा झालं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कुर्कुमा लाँगा हे नाव छापलं. इकडे आपलं कुंकूही हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवून केलं जाऊ लागलं. म्हणजे केशराचं नाव दोन वेगळ्या वाटांनी हळदीकडे आलं, आणि दोन्हीकडे कारण रंगाचंच.

शेतात घोटाळा होतो तो बेण्यात. हळदीला बी धरत नाही, लागण गड्ड्यानेच. आंबेहळदीचे चार गड्डे मिसळले की त्यांचीही पैदास दरवर्षी वाढत जाते. शिजवून, वाळवून पॉलिश झालेला माल निवडणं जड जातं, म्हणून लागणीआधी शंका येईल तो गड्डा नखाने खरवडावा. आत गडद नारिंगी नसेल आणि कैरीचा वास आला, तर तो बेण्यातून बाजूला काढावा.