रसायनांचा भाव शोधताना बातमीच का हाती लागते

'ऑइल, पेंट अँड ड्रग रिपोर्टर' हे साप्ताहिक न्यूयॉर्कहून 1871 पासून निघत असे. बारीक टायपात छापलेला घाऊक भावांचा तक्ता हा त्याचा कणा. 1972 मध्ये ते 'केमिकल मार्केटिंग रिपोर्टर' झाले, पण तक्ता चालू राहिला. त्याआधीच्या शंभर वर्षांबद्दल इथे एवढेच पुरे, कारण जुना भाव शोधताना आकडा न मिळता बातमीच मिळते, ही आजची अडचण त्यानंतरची आहे.

1971 मध्ये व्यापारविषयक लेखांच्या सारांशांचा डेटाबेस एबीआय/इन्फॉर्म आणि 1972 मध्ये संगणकावरून असे डेटाबेस शोधून देणारी डायलॉगची व्यावसायिक सेवा सुरू झाली. मग बाजार आणि उद्योगांच्या बातम्यांचा डेटाबेस प्रॉम्ट आला, त्यात उत्पादनांना सांकेतिक क्रमांक होते. या सगळ्यांचे एकक म्हणजे लेख. लेखाचा सारांश लिहिता येतो, पण हजारभर ओळींच्या तक्त्याचा काय लिहिणार? पुढे पूर्ण मजकूर मिळू लागला तेव्हाही साध्या टेक्स्टमध्ये रकाने टिकत नसत, म्हणून तक्ते पुष्कळदा गाळले गेले. आजही जुन्या वर्षांत 'फिनॉल पौंडामागे इतके सेंट वाढले' अशी बातमी सापडते. किती होते ते वाढले, हे मात्र सापडत नाही. माझ्या मते संदर्भसाधनांच्या इतिहासातले हे मोठे नुकसान आहे, आणि त्याची दखल फारच कमी घेतली गेली.

सगळ्यांत जास्त गोंधळ 'छापील भाव' या शब्दाचा. तक्त्यातला आकडा पुरवठादाराने सांगितलेला असे. मोठे गिऱ्हाईक करारात सूट घेई, तर तातडीच्या खरेदीचा स्पॉट भाव कधी वर, कधी खाली. उत्पादकाने वाढ जाहीर केली म्हणजे ती बाजाराने मान्य केली असेही नाही. सहा आठवड्यांनी निम्मीच वाढ पदरात पडल्याची बातमी येते, आणि शोधणाऱ्याने पहिलीच बातमी उतरवलेली असते. कॉस्टिक सोड्याचे उदाहरण घ्या. माल जातो 50 टक्के द्रावणाच्या रूपात, भाव मात्र कोरड्या (पाणी वगळून मोजलेल्या) टनावर, आणि अमेरिकेत तो टन शॉर्ट टन, म्हणजे सुमारे 907 किलोचा. म्हणजे एका कोरड्या टनासाठी टँकरमध्ये दोन टन द्रावण भरावे लागते. हे लक्षात न घेता दोन देशांचे भाव शेजारी मांडले, तर तुलना दुपटीने चुकते. भाव कारखान्याच्या दारातला की पोचवून दिलेला, हेही पाहायला हवे. नावांचेही तसेच. बाजाराची बातमी 'एमईके' लिहिते, 'मिथाइल इथाइल कीटोन' शोधणाऱ्याला ती दिसत नाही. प्रत्येक रसायनाला एकच ओळख देणारा, 1965 पासूनचा कॅस नोंदणी क्रमांक रसायनशास्त्रात रुळला, पण व्यापारी बातमीत तो क्वचितच असतो.

त्यातल्या त्यात आधार याच साप्ताहिकातल्या 'केमिकल प्रोफाइल' या सदराचा. एकेका रसायनाचे उत्पादक, क्षमता, मागणी, वापर आणि मागच्या काही वर्षांतला वरचा-खालचा भाव त्यात एकत्र असे. हे सदर लेखाच्या रूपात असल्यामुळे डेटाबेसमध्ये टिकले.

2006 मध्ये हे साप्ताहिक एका युरोपीय साप्ताहिकाबरोबर एकत्र होऊन 'आयसीआयएस केमिकल बिझनेस' झाले. त्यानंतर भावांचा भार सशुल्क अहवालांकडे गेला. हे अहवाल महाग, आणि लेखांच्या डेटाबेसबाहेरचे.

मुंबईत वडगादी या रसायनांच्या घाऊक बाजाराचे भाव पाहायला 'केमिकल वीकली' आहेच. दुसरी वाट आयातीच्या आकड्यांची, म्हणजे एकूण मूल्याला वजनाने भागायचे. पण सीमाशुल्काच्या आठ अंकी वर्गीकरण कोडात 'इतर' या मथळ्याखाली कितीतरी रसायने एकत्र येतात, आणि तिथे हा भागाकार निरर्थक ठरतो. खेपवार नोंदींतून भाव जास्त स्पष्ट दिसत असे. पण 2016 मध्ये त्या नोंदी देणाऱ्या सीमाशुल्काच्या रोजच्या याद्या बंद झाल्या. 2022 मध्ये सीमाशुल्क कायद्यात कलम 135 एए आले. कायद्याने परवानगी नसताना आयातदार-निर्यातदाराने जाहीर केलेले मूल्य, प्रमाण किंवा वर्गीकरण प्रसिद्ध केल्यास आता सहा महिन्यांपर्यंत कैद, 50 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गोपनीयता जपणे हा त्यामागचा हेतू. छोट्या खरेदीदाराला मात्र भाव पडताळण्याची एक जागा कमी झाली.