ग्राफीनचे पारदर्शक सूक्ष्मतरंग शोषक

दृश्य प्रकाश बहुतांशी आरपार जाऊ देणारी, पण रडार व बिनतारी संदेशवहनातील सूक्ष्मतरंग शोषून घेणारी पातळ थरांची रचना. ग्राफीनला (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थराला) विद्युत् दाब देऊन शोषणाचे प्रमाण कमीजास्त करता येते.

रचनेचा मूळ आराखडा ‘सॉल्सबरी पडदा’ या नावाने ओळखतात : धातूच्या पत्र्यापुढे पाव तरंगलांबीवर (१० गिगॅहर्ट्झला हवेत सु. ७.५ मिमी.) दर चौरसास सु. ३७७ ओहम, म्हणजे मुक्त अवकाशाच्या संरोधाइतका (तरंगाला होणाऱ्या विरोधाइतका), रोध असलेला थर. येथे तो थर ग्राफीनचा असतो. या कल्पनेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. विनफील्ड सॉल्सबरी यांच्या अमेरिकन पेटंटचा अर्ज १९४३ चा आणि मंजुरी १९५२ ची. त्यामुळे १९५२ हे उगमवर्ष देण्याचा प्रघात ग्राह्य वाटत नाही. पाव तरंगलांबीच्या शोषकाचे एक पेटंट नेदर्लंड्समध्ये १९३६ मध्येच नोंदले गेले होते. त्यात काजळी व टिटॅनियम डाय-ऑक्साइड वापरले होते. तरीही रोधक थर व त्यामागील अंतर वेगळे ठेवण्याचे श्रेय सॉल्सबरी यांना देणेच अधिक युक्त दिसते. मागे पत्रा नसलेला एकटा पातळ थर जास्तीत जास्त ५० टक्के ऊर्जा शोषतो, हे भौतिकीविज्ञ व्होल्टर्सडॉर्फ यांच्या १९३४ च्या विवेचनावरून निघते. त्यासाठी दर चौरसास सु. १८८ ओहम रोध लागतो.

एकाणवीय ग्राफीन दृश्य प्रकाशाचा फक्त सु. २.३ टक्के भाग शोषते. तेथे इलेक्ट्रॉन एका ऊर्जापट्टातून (त्यांना शक्य असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यातून) दुसऱ्यात जातात. सूक्ष्मतरंगांना मात्र एकाच पट्टातील मुक्त विद्युत् भारवाहक प्रतिसाद देतात, म्हणून थर साध्या रोधकासारखा वागतो. पारदर्शकता व शोषण एकत्र नांदतात ते यामुळे. आयनी द्रवातून (द्रवरूप क्षारातून) दाब दिल्यास भारवाहकांची संख्या वाढते व रोध घटतो. बदलते ती मुख्यतः शोषणाची तीव्रता. कोणती कंप्रता शोषली जाईल हे प्रामुख्याने थरांमधील अंतरावर ठरते. अशा शोषकांना लावल्या जाणाऱ्या ‘जुळवता येणारा’ या विशेषणाने हा भेद पुसला जातो.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील गटाने २०१४ मध्ये ग्राफीन व क्वॉर्ट्झ यांचे थर रचून १२५ ते १६५ गिगॅहर्ट्झ पट्ट्यात ९० टक्के शोषण दाखविले. ही रचना दाबाने बदलणारी नव्हती. अंकाराच्या बिल्केंट विद्यापीठात २०१५ मध्ये ५ व्होल्टपेक्षा कमी दाबाने परावर्तन ५० डेसिबेलपर्यंत, म्हणजे लक्षांशापर्यंत, घटविण्यात आले.

मागचा पत्रा अपारदर्शक असल्यास खिडकीसाठी हा शोषक निरुपयोगी ठरतो. तेथे धातूची बारीक जाळी किंवा इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक विद्युत् संवाहकाचा लेप वापरावा लागतो.